फरशीखालची हाक

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं.

उन्हाळ्यातली भर दुपार आहे असं समजा. एक जुनं, नावाजलेलं शहर. वेशीचे दरवाजे, बुरूज, दगडी रस्ते. रस्ता इतका तापलाय की चपलेतूनही चटका बसतोय. दुकानांची दारं अर्धी ओढून घेतलेली. कुत्री सावलीला जीभ काढून पडलेली.

सगळीकडे लख्ख ऊन. अंधार कुठे औषधालाही नाही.

तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट आणि भर दुपारी?

हो. घडलीच भर दुपारी, त्याला कोण काय करणार? आणि ही गोष्ट खरी आहे. जिच्या डोळ्यांदेखत घडली तिनेच ती सांगितली. सांगताना ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती.

तिला घरात सगळे मोठी म्हणत. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या पाठचा भाऊ सहा वर्षांचा. गाल कायम फुगलेले, म्हणून त्याचं नाव पडलं फुग्या.

फुग्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळे बोलताही येत नव्हतं.

बाबा सुतार होते. खाली कामाची जागा आणि वर राहायची खोली, तिची जमीन लाकडी फळ्यांची. मग फुग्याला बोलवायचं कसं? बाबांनी युक्ती काढली होती. फळीवर दोनदा पाय आपटायचा. ठप, ठप. फुग्या कुठल्याही कोपऱ्यात असो, त्याच्या तळव्यांना ते बरोबर कळायचं. मग तोही दोनदा पाय आपटायचा आणि शेवटी टाच घासायचा.

ठप. ठप. खर्र.

म्हणजे, आलो! ती टाच घासायची लकब फक्त त्याची. मोठीने कितीदा नक्कल केली, पण तसं खर्र तिला कधी जमलं नाही.

आई मात्र त्याला नावाने हाक मारायची. रोज. जेवायला, झोपायला, अंघोळीला.

"अगं, त्याला कुठे ऐकू येतंय?" बाबा म्हणायचे.

"न का येईना. मी मारणार. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जायचंय? कानठळ्या आमच्या बसतात."

बाबा हसायचे. आई हसायची नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पण तिने आशा सोडली नव्हती. एकदा, फक्त एकदा त्याने आई म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तर त्या उन्हाळ्यात बाबांनी काम बंद ठेवलं आणि सगळ्यांना घेऊन ते शहर बघायला गेले. सकाळभर चौघं फिरले. बाबा तर प्रत्येक दारापाशी थांबत होते.

"हे बघ, मोठे. एवढा अजस्र दरवाजा, पण एक खिळा नाही. नुसते सांधे!"

"बाबा, आपण दारं बघायला आलोय की राजवाडा?"

"राजवाड्यात दाराशिवाय बघण्यासारखं असतंच काय?"

दुपार चढली. फुग्याचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले. राजवाड्याच्या मागच्या अंगणात, भिंतीच्या बोटभर सावलीत, किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक म्हातारा पहारेकरी बसला होता. फुग्याकडे बघून तो उठला.

"पोर भाजून निघालंय. खाली चला. उन्हाळ्याच्या खोल्या आहेत. राजाची माणसं दुपारी तिथेच राहायची."

त्याने एक बुटकं दार उघडलं. आतून गार वारा आला. आईने तर डोळेच मिटले.

"एकच सांगतो," पहारेकरी म्हणाला. "खाली पाय आपटायचा नाही."

"का हो? कोणी झोपलंय वाटतं?" बाबांनी विचारलं.

पहारेकरी हसला नाही.

"फरशी जुनी आहे," एवढंच म्हणाला.

खाली एकात एक अशा तीन खोल्या होत्या. वरच्या झरोक्यांतून उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या. बाहेर अंगाची लाही होत होती आणि इथे हातावर काटा येत होता. फुग्याने सँडल काढले, अनवाणी पाय गार दगडावर टेकवले आणि तोंडभर हसला. मग तुरुतुरु आतल्या खोलीत गेला.

"जाऊ दे त्याला," पहारेकरी म्हणाला. "आत दुसरं दार नाही. भिंतच आहे."

"आणि याच्या खाली?" बाबांनी फरशीकडे बोट दाखवलं.

"खाली काय असणार? खडक."

थोडा वेळ सगळे टेकले. पाणी प्यायले. मग निघायची वेळ झाली. आईने सवयीने हाक मारली, "फुग्या, चल रे."

आणि बाबांनी...

बाबांनीही सवयीने पाय आपटला.

ठप, ठप.

"नको!" पहारेकरी ओरडला.

पण झालं ते झालं. बाबांनी जीभ चावली. "विसरलो बुवा. माफ करा. घरी आमची हीच..."

ते बोलता बोलता थांबले.

आतून उत्तर आलं होतं.

ठप... ठप.

"हा काय, येतोय," बाबा म्हणाले.

मोठीने कान टवकारले. ती पुढच्या खर्रची वाट बघत होती.

खर्र आलंच नाही.

फुग्याही आला नाही.

बाबांनी पहारेकऱ्याकडे बघितलं. पुन्हा पाय आपटला, या वेळी हलकेच. उत्तर लगेच आलं. पण आतल्या खोलीतून नाही.

ते त्यांच्याच पायाखालून आलं.

ठप... ठप.

मोठी आतल्या खोलीत धावली. चार भिंती. एक झरोका. मधोमध उजेडाचा एक तुकडा.

खोलीत कोणी नव्हतं.

पुढचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाबा भिंती चाचपत होते, सुतार जसा पोकळ लाकूड शोधतो तसे बोटाने ठोकत होते. भिंत भरीव होती. मग त्यांचा तोल सुटला. ते वेड्यासारखे पाय आपटत सुटले. ठप ठप, ठप ठप! पहारेकऱ्याने त्यांचा दंड धरला.

"आपटू नका हो! जितकं बोलवाल तितकं ते..."

"ते काय? काय ते?"

पहारेकरी दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात आईने सगळा जीव गोळा करून हाक मारली.

"फुग्याऽऽ!"

खोली शांत झाली.

आणि त्या रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यातून... जिथे बाबांनी आत्ताच हात फिरवला होता, तिथून... फुग्या बाहेर आला.

तेच गाल. तोच सदरा. खिशावरचा डागसुद्धा तोच.

हाक ऐकून त्याने मान वळवली होती.

मुलांनो, नीट लक्षात घ्या. हाक ऐकून.

तो आईसमोर येऊन उभा राहिला. तोंड उघडलं. स्वच्छ, गोड आवाजात म्हणाला,

"आई."

आई गुडघ्यांवर कोसळली. तिने त्याला असं कवटाळलं की बाजूला करता येईना. ती रडत होती, हसत होती, पुन्हा पुन्हा विचारत होती, "काय म्हणालास? परत म्हण! परत म्हण, राजा!"

तो परत म्हणाला. जितक्यांदा तिने सांगितलं तितक्यांदा म्हणाला.

मोठीही पुढे झाली होती. तिलाही त्याला मिठी मारायची होती. पण तेवढ्यात तिच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं.

खोल. खूप खोल.

ठप. ठप. खर्र.

ती जागच्या जागी थिजली.

पुन्हा आलं. या वेळी घाईने. घाबरून मारल्यासारखं.

ठप. ठप. खर्र. ठप. ठप. खर्र.

"बाबा," ती म्हणाली. तिने त्यांचा हात ओढला. "बाबा, फुग्या खाली आहे."

"काय बोलतेस? हा काय समोर उभा आहे!"

"हा नाही. आपला फुग्या. तो पाय आपटतोय. बाबा, फरशी उचला ना! तुमच्याकडे हत्यारं आहेत ना घरी?"

"मोठे, पुरे!" आई ओरडली. "दृष्ट लावू नकोस माझ्या लेकराला."

मोठीने पहारेकऱ्याकडे बघितलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"आजोबा, तुम्हालाही कळतंय ना?"

त्याने मान वर केली नाही.

"कळतंय ना?"

"वर चल, बाळ," तो म्हणाला. "ऊन उतरायच्या आत दार लावायचं असतं."

त्याने दार लावलं. किल्ली फिरवली. बाबा काही विचारायला पुढे झाले, तोवर तो पाठ फिरवून चालूही लागला होता. जाताना त्याने फुग्याकडे एकदाही बघितलं नाही.

ते घरी आले.

गल्लीत ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. मुका मुलगा बोलायला लागला! लोक बघायला येत. डॉक्टरांनी कान तपासले, डोकं खाजवलं, म्हणाले, कधीकधी असं होतं. आईच्या चेहऱ्यावर तर दहा वर्षांपूर्वीचं तेज आलं. ती कामं करताना गुणगुणायला लागली. मोठीने तिला कधी गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

पण लाकडी जमिनीवरून तो चालायचा तेव्हा...

एकही फळी वाजायची नाही.

मोठी चालली की करकरायची. आई चालली की करकरायची. मांजर गेलं तरी कुठेतरी बारीक कुरकुर व्हायची. तो चालला की काही नाही.

एका दुपारी आई पाणी भरायला गेली असताना मोठीने धीर केला. ती दाराशी उभी राहिली आणि दोनदा पाय आपटला.

ठप, ठप.

तो खिडकीशी पाठमोरा बसला होता. हळूहळू वळला. तिच्याकडे बघितलं. आणि ओठांवर बोट ठेवलं.

ती जिन्यावरून धडपडत खाली बाबांकडे गेली.

बाबा रंधा मारत होते. भुशाचा वास, लाकडाच्या सालींचा ढीग. तिने सगळं सांगितलं. रडत सांगितलं. परत जाऊ म्हणाली. पहार घेऊन जाऊ, करवत घेऊन जाऊ, हवं तर मी खणते म्हणाली.

बाबा ऐकत होते. रंधा थांबला होता.

"मी जाऊन आलो," ते म्हणाले.

"काय?"

"दोनदा गेलो. लाकूड आणायला जातो सांगून. पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या हातापाया पडलो. दार उघडलं त्याने. मी फरशीला कान लावून पडलो होतो."

"मग?"

"होता. खर्र होतं." बाबांनी हाताचा पंजा डोळ्यांवर दाबला. "एक फरशी उचलली मी, मोठे. सगळी ताकद लावून. खाली खडकच आहे. त्याने खोटं नव्हतं सांगितलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

बाबांनी रंध्यात अडकलेली साल काढून टाकली.

"दुसऱ्यांदा फार खालून येत होतं," ते म्हणाले. "मला वाटतं, तो दमलाय."

आई पाणी घेऊन परतली होती; वरून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. मग तिची हाक. मग तो गोड, स्वच्छ आवाज, "आलो, आई."

"आईला सांगू या ना, बाबा."

बाबांनी छताकडे बघितलं.

"काय सांगू? आणि सांगितल्यावर तिच्या हातात काय देऊ?"

त्यांनी रंधा उचलला. साली पुन्हा पडायला लागल्या. मोठी तिथेच उभी होती, पण बाबांनी पुन्हा वर बघितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी घरात कधी पाय आपटला नाही. चालतानासुद्धा ते जपून पाऊल टाकायचे.

उन्हाळा सरत आला. त्याला आता आई म्हणता यायचं, बाबा म्हणता यायचं. दोघंही त्याच्या हाकेला उत्तर द्यायचे. आई मोठ्याने, बाबा खाली बघून.

तो ताई म्हणायचा तेव्हा मोठीने मात्र एकदाही उत्तर दिलं नव्हतं. तिच्या मनाने घेतलं होतं, आपण उत्तर दिलं की संपलं. मग खाली वाट बघणाऱ्याचं या जगात कोणीच उरणार नाही.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मोठी स्टुलावर होती. तो तिच्या समोर बसला होता. ताटातलं सगळं संपवून त्याने मान वर केली.

"ताई," तो म्हणाला.

मोठीने ताटात मान घातली.

"ताई..."

आईचा हात वाढता वाढता थांबला. "अगं, हाक मारतोय तो. सहा वर्षं तरसलो आपण या आवाजाला. तू एवढी दगड कशी झालीस गं?" तिचे डोळे भरून आले. "एकदा ओ दे ना त्याला. माझ्यासाठी दे."

मोठीने बाबांकडे बघितलं. बाबा घास हातात धरून बसले होते. तो तोंडाकडे जात नव्हता.

तिने दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवले. तळवे फळीला दाबून धरले. डोळे मिटले. वाट बघितली.

बराच वेळ बघितली.

फळी गार होती. बाकी काही नव्हतं.

"ताई..." समोरून पुन्हा आवाज आला. आता त्यात हसू होतं.

मोठीने पाय वर घेतले. गुडघे पोटाशी धरले.

आणि म्हणाली, "ओ."