कोमट बरणी

दही लावायचं मशीन आमच्याकडे माझ्या थोरल्या बहिणीने आणलं. ताईला स्वतःला दही चालत नाही, लगेच घसा धरतो. पण दुःखातल्या माणसाच्या हाताला काम हवं, असं तिचं ठाम मत. "तुझी बायको दिवसभर खिडकीपाशी बसलेली असते," ती मला जिन्यातच दबक्या आवाजात म्हणाली. "सांडलं-लवंडलं तरी चालेल, पण काहीतरी करू दे तिला."

आमची मुलगी जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. ती दिवस भरायच्या आधीच जन्मली, हॉस्पिटलमधल्या काचेच्या पेटीत राहिली आणि तिथूनच गेली. घरी आलीच नाही. नाव ठेवायचंही राहून गेलं. आपसात आम्ही तिला पिटुकली म्हणायचो. रोज सकाळी नर्स तिचं वजन करायची आणि आमच्याकडे न बघता सांगायची, "आज थोडं उतरलंय." ही, माझी बायको, त्या पेटीच्या गोल भोकातून हात आत घालून बसायची. नुसता तळवा तिच्या पाठीशी टेकवून. हाताला मुंग्या आल्या तरी काढायची नाही.

मी फ्रिज दुरुस्त करतो. उभा जन्म त्यातच गेला. गार करणं म्हणजे आतली उष्णता बाहेर काढून टाकणं, बाकी काही नाही. थंडी नावाची वस्तू कुठून आणून आत भरावी लागत नाही. गिऱ्हाइकांना हे पटत नाही, पण खरं तेच आहे. कुठलीही गरम वस्तू गार जागी ठेवली की गार होते. तिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

मशीन म्हणजे एक पांढरा गोल डबा, वर पारदर्शक झाकण, आत गोलाकार मांडलेल्या काचेच्या लहान बरण्या आणि पुढे एक केशरी दिवा. काही दिवस ते ओट्यावर खोक्यातच पडून होतं. मग एका रविवारी मी अंघोळ करून आलो तर ही दूध तापवत होती. तापलेलं दूध तिने कोमट होऊ दिलं, करंगळी बुडवून पाहिलं, विरजण कालवलं आणि एकेक बरणी भरली.  दिवा लागल्यावर मशीनसमोर स्टूल ओढून बसली आणि झाकणावर तळवा ठेवला.

संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा सगळ्या बरण्यांमध्ये दही छान लागलं होतं. एक सोडून. तिच्यात दूध होतं तसंच होतं.

"विरजण नीट ढवळलं गेलं नसेल," मी म्हणालो.

"नसेल," ही म्हणाली.

सगळ्या बरण्या फ्रिजमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी दही घ्यायला फ्रिज उघडला आणि माझा हात नेमका त्या दुधाच्या बरणीला लागला. ती कोमट होती.

"फ्रिजवाल्याच्या घरचाच फ्रिज बसला बघ," मी म्हणालो. ही हसली नाही, पण कितीतरी दिवसांनी तिच्या ओठाचा कोपरा हलला. मी दाराचं रबर तपासलं, आतला पंखा पाहिला, कॉम्प्रेसरला हात लावला. सगळं ठीक होतं. शेजारच्या बरण्या दातांत कळ जाईल इतक्या गार होत्या. मी कामाच्या पिशवीतून थर्मामीटर काढून त्याची सळी दुधात बुडवली. सदतीस.

रात्रभर बरणी तिथेच ठेवली. सकाळी पुन्हा तोच आकडा.

काचेत काही दोष असेल म्हणून मी ते दूध दुसऱ्या बरणीत ओतलं. पहिली बरणी हातातल्या हातात गार पडली. दुसरी उबदार झाली. दूध इतका वेळ अंगाच्या उबेत राहिलं तर नासतं, निदान आंबतं तरी. हे नासलं नाही आणि त्याचं दहीही होईना. वास ताज्या दुधाचा होता, किंचित गोडसर.

मला ते आवडलं नाही. मी बेसिनचा नळ सोडला आणि बरणी तिरकी केली, तेवढ्यात मागून येऊन हिने माझं मनगट धरलं.

"राहू दे ना," ती म्हणाली. "तुमच्या काय वाटेत येतंय?"

तिने बरणीला फिरकीचं झाकण घट्ट बसवलं, फडक्याने पुसली आणि मशीनमध्ये ठेवली. मशीनची वायर भिंतीतून काढलेली होती. त्यानंतर तिने पुन्हा दही लावलं नाही.

पुढचे काही दिवस घरात चांगले गेले, हे मी सांगितलंच पाहिजे. ही वेळेवर जेवू लागली. केस धुतले. खिडकीपाशी बसायची थांबली. ताईशी फोनवर बोलताना एकदा तिचं खुदकन हसू ऐकू आलं. ताई मला म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं ना?" मी हो म्हणालो.

मग एका सकाळी मी दाढी करत असताना स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती, हळू, लाडाने.

"आज थोडं चढलंय."

मी तोंडावरचा साबण न पुसताच गेलो. ओट्यावरच्या वजनकाट्यावर बरणी होती. ही बाजूला उभी होती, हात पुसत.

"काय चढलंय?" मी विचारलं.

तिने बरणी उचलून मशीनमध्ये ठेवली, वर झाकण लावलं आणि चहाचं आधण ठेवलं.

ती अंघोळीला गेल्यावर मी स्वतः वजन केलं. मग दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशीही केलं. दुधाची पातळी तसूभरही हलत नव्हती. वजन रोज वाढत होतं. काट्यावर साखरेचं न फोडलेलं पाकीट ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

"अगं, ते दूध आहे," एका संध्याकाळी मी तिला म्हणालो.

"मला माहितीये दूध आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी काय वेडी आहे?"

पण आता ती घराबाहेर पडेनाशी झाली. भाजीही मीच आणायची. दाराची बेल मोठ्याने वाजते म्हणून तिने त्यात कापूस कोंबला. खोलीतून खोलीत जाताना बरणी तिच्या हातात असायची, आणि पुढेपुढे हातात नाही, छातीशी. मला पिटुकली गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण तिला एकदा मातीत ठेवून आलो होतो, आणि ते माझ्या हातांनी केलं होतं. तेच पुन्हा कसं करायचं, हे मला कळत नव्हतं.

एका दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा ती गाढ झोपली होती. उशाशी मशीन होतं. मी बरणी उचलली आणि दुकानात आलो.

दुकानात आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर दुरुस्तीला आला होता. त्यात सकाळीच गॅस भरला होता आणि तो उत्तम चालत होता. मी बरणी त्याच्या तळाशी ठेवली, वरचं दार लावलं आणि दुसऱ्या एका फ्रिजची मोटर खोलून बसलो. हात कामात होते, लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. भिंतींवर बर्फाची पांढरी बुरशी चढली होती. बरणीभोवती मात्र तळाचा पत्रा गोल कोरडा होता. मी झाकण काढून सळी आत सोडली आणि पाहत राहिलो.

आकडा उतरत होता. फार सावकाश, पण उतरत होता.

मला हायसं वाटलं. म्हणजे तेही सगळ्यांसारखंच होतं. थोडा जास्त वेळ लागला, एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही नेलंय ना?" ही म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"हो."

"हाताला कसं लागतंय?"

"गार होतंय," मी म्हणालो.

 तिचे दात एकमेकांवर वाजत असल्याचं मला ऐकू येत होतं. बाहेर तर लख्ख ऊन होतं.

"मग हात घालून बसा," ती म्हणाली. "एवढं तरी करा. एकटीला नका ठेवू. मागच्या वेळी आपण दोघंही चहा प्यायला गेलो होतो."

फोन बंद झाला.

 मी बरणीचं झाकण लावलं, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात फ्रीझरमध्ये घातले. बरणीला तळव्यांनी वेढलं. कोपरापर्यंतचे हात बधिर झाले.

आत काही हललं नाही. आवाजही आला नाही. हे मी स्पष्ट सांगतो.

पण माझे तळवे हळूहळू उबदार होऊ लागले.

मी बरणी बाहेर काढली.

दुकान उघडंच टाकून मी घराकडे चालू लागलो. बरणी आधी हातात होती. कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती एका हाताला झेपेना, म्हणून छातीशी धरली. पुढे आणखी जड झाली. मग मी ती खांद्याशी घेतली आणि दुसरा हात खालून आधाराला दिला.

फुटपाथवर समोरून एक अनोळखी बाई येत होती. ती मला वाट द्यायला बाजूला झाली, माझ्या खांद्याकडे बघितलं आणि आवाज न करता हसली. झोपलेलं मूल दिसलं की माणसं हसतात, तशी.

ही दार उघडून उंबऱ्यातच उभी होती. अंगावर शाल, ओठ निळसर. तिने दोन्ही हात पुढे केले आणि बरणी अलगद काढून घेतली. हिच्या ओठांचा रंग माझ्या डोळ्यांदेखत पालटत गेला.

मी आत जायला वळलो.

"अहो, थांबा," ती म्हणाली, आणि शालीच्या टोकाने माझा खांदा पुसू लागली.

मी मान वळवून पाहिलं. शर्ट खांद्यापासून पाठीपर्यंत ओला झाला होता, आणि त्याला पोटातून उलटून आलेल्या दुधाचा आंबूस वास येत होता. तिच्या दुसऱ्या हातातल्या बरणीचं झाकण घट्ट होतं. काच बाहेरून कोरडी होती.