दांड्यापलीकडचा कटथ्रोट

वडिलांच्या गुप्त किनाऱ्यावर एक तरी कटथ्रोट ट्राउट मासा गळाला लावायचा आणि जागेचा पत्ता ऑरिनच्या तोंडून फुटू द्यायचा नाही, असा मार्लिसचा निश्चय होता. हूड कॅनॉल या समुद्राच्या खाडीवर माणसं शेजाऱ्याला घराची किल्ली देतील, माशांची जागा देणार नाहीत. वडिलांनी मरेपर्यंत ही जागा फक्त मार्लिसला सांगितली होती. पण गुडघ्यामुळे तिला आता एकटीने जाणं जमेना, आणि सोबतीला मिळाला कोण, तर शेजारचा ऑरिन! त्याचा पुतण्या पर्यटकांना मासेमारीला नेणारा. त्या पुतण्याच्या कानावर गेलं की तिथे बोटींची जत्राच भरणार.

ओहोटीला दोघं छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून निघाले. कालवांच्या धारदार शिंपल्यांवरून तोल सावरत, चिखलातून पाय उपसत त्यांनी पाण्याची उथळ नाळ ओलांडली आणि पलीकडचा वाळूचा दांडा गाठला. ऑरिन सारखा मागे वळून पाहत होता.

"काय बघतोस रे?"

"झाडांखालचे ते खडक."

खुणा पाठ करतोय लेकाचा! मार्लिसचं डोकं सणकलं.

"तोंड समुद्राकडे कर. मागे बघितलंस तर याद राख!"

"अगं, मी फक्त..."

"मला शिकवू नकोस. तुमचं घराणं मी ओळखून आहे."

ऑरिन गाल फुगवून समुद्राकडे बघत बसला.

मार्लिस गुडघाभर पाण्यात उभी राहिली. कटथ्रोट अगदी काठाशी शिकार करतो, त्यामुळे खोल पाण्यात गळ टाकणारा फसतोच. तिने गळाला बांधलेली पिसांची नकली माशी काठालगत फेकली आणि दोरी झरझर ओढत राहिली, पुन्हा फेकली, पुन्हा ओढली, आणि मधूनच ऑरिनवर नजर टाकत राहिली.

धाडकन हिसका बसला! काठी वाकली. मासा उसळला, आणि जबड्याखालची केशरी रेघ लखलखली. केवढा थोरला!

"मार्लिस! खडक बुडाले!"

"मागे बघू नको म्हटलं ना!"

"अगं बाई, भरती आलीय! नाळ भरतेय!"

तिने वळून पाहिलं. आलेली वाट गायब झाली होती! एवढा वेळ तो त्या खडकांवरून भरतीवर नजर ठेवत होता, आणि तिनेच त्याला थांबवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

तिने काठी खाली केली. दोरी सैल पडली, उलटा काटा नसलेला गळ सहज सुटला. मासा गेला!

दोघांनी हातात हात अडकवले. पाणी कंबरेला आलं. मग छातीला! प्रवाह ओढू लागला. गुडघ्याने दगा दिला, ती कोसळली, पण ऑरिनने तिला पट्ट्याला धरून वर खेचलं. "चल! थांबू नकोस!" अखेर पायाला दगड लागले.

किनाऱ्यावर तसलीच गळाची काठी घेतलेला एक अनोळखी गृहस्थ उभा होता.

"काही मिळालं का हो तिकडे?"

मार्लिसने ऑरिनकडे पाहिलं.

"छे हो!" ऑरिन दात वाजवत म्हणाला. "नुसता चिखल. जीव जाता जाता वाचला. मासे हवेत तर त्या पुलाकडे जा."

"कित्येक वर्षांत इथे शेपूट दिसलं नाही," मार्लिस म्हणाली, आणि ऑरिनचा हात तिने सोडला नाही.