सोबतीचा खडा

तिघांनी मिळून घराबाहेर पडू नये, आणि पडायचंच झालं तर चौथा म्हणून एक खडा खिशात टाकावा, ही वीणाच्या सासूबाईंची शिकवण. सासूबाई साताऱ्याच्या, सून ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकवणारी. पण तीन तिगाडा म्हटलं की बायोकेमिस्ट्रीचंही काही चालत नाही. इतकी वर्षं तिला खड्याची गरज पडली नव्हती, कारण घरात माणसं चार होती. ती, पुरुषोत्तम, ईशानी आणि धाकटा देव. मग ईशानीला मेंदूज्वर झाला, आणि अकरा वर्षांची पोर बघता बघता गेली.

त्यानंतरची ही पहिलीच सुट्टी. पुरुषोत्तमच्या ऑफिसातली मंडळी दर फेब्रुवारीत, शाळांना हाफ-टर्मची सुट्टी लागली की आल्प्समध्ये स्कीइंगला जात. त्याला तेवढं लांब जायचा धीर होईना, म्हणून त्यानं स्कॉटलंडच्या डोंगरातलं एक जुनं, नावाजलेलं हॉटेल निवडलं. करड्या दगडाची इमारत, भिंतींवर हरणांची शिंगं, पायाखाली चौकड्यांचा जाड गालिचा. शेकोट्या सकाळपासून पेटलेल्या. लाकडाचा धूर, पॉलिश आणि ओल्या लोकरीचा मिळून एक वास कॉरिडॉरमध्ये भरून राहिलेला असे. गालिच्यामुळे कोणाच्या पावलांचा आवाज मात्र येत नसे.

पहिल्या सकाळी स्की खांद्यावर घेऊन तिघं फाटकापर्यंत आली आणि वीणाला आठवलं, आपण तिघंच आहोत. सगळीकडे बर्फ, खडा मिळायचा कुठून? पण फाटकाशेजारी कमरेइतका उंच दगडांचा एक ढीग होता. त्याच्या माथ्यावर बर्फ नव्हतं. तिनं वरचाच एक सुपारीएवढा खडा उचलला, खिशात टाकला आणि सासूबाई म्हणत तसं पुटपुटली, "चल, सोबत चल." पुरुषोत्तमनं ते पाहिलं आणि नेहमीसारखं हसून सोडून दिलं.

पाच वाजताच अंधारून आलं. डायनिंग रूममध्ये त्यांच्या टेबलावर चहाची मांडामांड झाली होती. चार खुर्च्या, चार कप.

"आम्ही तिघंच आहोत," पुरुषोत्तम वेटरला इंग्रजीत म्हणाला.

वेटरनं भिंतीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. "सॉरी, सर," म्हणत त्यानं कप उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग निघून गेला. देवनं स्कोनवर जॅम फासता फासता आपली बशी जरा सरकवली, शेजारच्याला जागा करून द्यावी तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीणा बूट आणायला तळघरात गेली. तिथं ओले बूट वाळवायची एक उबदार खोली होती. त्यांच्या नंबराच्या रॅकवर बुटांचे चार जोड होते. चौथा लहान होता, पण देवच्याहून थोडा मोठा. तिनं त्याच्या आत हात घातला. रात्रभर गरम पाइपावर राहूनही आतलं बर्फ वितळलेलं नव्हतं.

खरं तर घाबरायला हवं होतं. ती घाबरली नाही, तिथंच जमिनीवर बसून रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं. एवढा आनंद तिला दोन वर्षांत झाला नव्हता. वर येऊन तिनं कोणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी पुरुषोत्तमनं रिसेप्शनवरच्या बाईंना सहज त्या ढिगाबद्दल विचारलं. डोंगरावरून जे परत आले नाहीत, त्यांच्या नावानं इथली माणसं एकेक दगड ठेवतात, त्या म्हणाल्या. ठेवतात फक्त, उचलत कोणी नाही. खोलीत आल्यावर त्यानं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"वीणा, तो खडा जागेवर ठेवून ये."

"ठेवते रे."

"आत्ताच जा. आपल्यासोबत कोण आलंय, आपल्याला माहीत नाही."

तिनं चमकून पाहिलं. "तुलाही दिसतं?"

"दिसत काही नाही. पण कालपासून लिफ्टमधून बाहेर पडलो की मी मागे दार धरून उभा राहतो... कोणासाठी धरतो, ते मलाच कळत नाही."

"पुरू, ईशू असेल."

हे नाव त्या दोघांत फार दिवसांनी उच्चारलं गेलं. तो पलंगाच्या कडेवर बसला. "ईशूला थंडी सोसायची नाही," तो म्हणाला. "ती इथं कशाला येईल?"

वीणा फाटकापर्यंत गेली. हातमोजा काढून तिनं खडा मुठीत धरला. तो परत ठेवायचा म्हणजे लेकीला दुसऱ्यांदा आपल्या हातानं पोचवायचं. तिची मूठ काही उघडली नाही.

"ठेवलास?" पुरुषोत्तमनं विचारलं.

"ठेवला."

शेवटच्या दिवशी दुपारी डोंगरावर ढग उतरू लागले. वर न्यायला एक फिरता दोर होता. दोराला उलट्या टीच्या आकाराच्या दांड्या लोंबत असत. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून एकच दांडी पाठीमागे अडकवायची आणि घसरत वर जायचं. एकटं माणूस असलं की दांडी एका बाजूला कलायची. रोज वीणा देवबरोबर जाई आणि पुरुषोत्तम मागून एकटा.

"लास्ट वन, मम्मी," देव म्हणाला. "मग हॉट चॉकलेट पायजे."

"देव, आज तू पुढे हो," वीणा म्हणाली. "मी बाबांबरोबर येते."

तिला बघायचं होतं, दुसरं काही नाही.

देव निघाला. मागच्या दांडीवरून ती डोळ्यांत प्राण आणून बघत होती. पुढची दांडी कलली नाही. ती सरळ राहिली, दोघं उभी असल्यासारखी. देव डावीकडे मान वळवून कोणाशी तरी बोलत होता, मध्येच हसत होता.

"वीणा..." पुरुषोत्तम म्हणाला. "तू खडा ठेवला नाहीस."

तेवढ्यात ढगानं देवला गिळलं.

ही दोघं वर पोचली तेव्हा रिकामी दांडी झोके घेत परत चालली होती. देव तिथं नव्हता. दोराजवळचा माणूस म्हणाला, दोन मुलं उतरली, हात धरून डावीकडे गेली. मोठं मूल सोबत होतं, म्हणून मी अडवलं नाही.

"देव!" पुरुषोत्तम धावत सुटला. ढगातून त्याचाच आवाज त्याच्याकडे परत येत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर शोध घेणाऱ्यांचा प्रमुख हॉटेलात आला. त्यानं टोपी काढली आणि खाली बघत सांगितलं. स्कीच्या दोन जोड्यांचे माग शेजारी शेजारी कड्यापर्यंत गेले आहेत. कड्यावरून एकच माग परत फिरला आहे.

"कुठं?" पुरुषोत्तमनं विचारलं.

"इथं. हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत."

कड्याखालची दरी आणि हॉटेलचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, देव मिळाला नाही. मग बर्फ पडू लागलं आणि शोध थांबला. वीणानं त्या ढिगापाशी गुडघे टेकले, खडा वर ठेवला, हात जोडले. "घे तुझं तुला. माझं पोर दे," ती म्हणत राहिली. शेवटी पुरुषोत्तमनं तिला उठवलं. त्यानं तिला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना. आपण मेलेल्या लेकीपायी जिवंत लेक घालवला, हे तिला पुरतं कळलं होतं. कळून आता काही उपयोग नव्हता.

ज्या सकाळी दोघं निघाली, त्या सकाळी आकाश निरभ्र होतं. पुरुषोत्तमनं बॅगा डिकीत टाकल्या. वीणा पुढे त्याच्या शेजारी बसली. दारं बंद झाली. त्यानं किल्ली घातली, तोच मागच्या सीटवर बेल्ट अडकवल्याचा टक् असा आवाज झाला.

पुरुषोत्तमनं आरशात पाहिलं नाही.

"देव...?" वीणा पुढे बघतच म्हणाली.

मग तिनं आणखी हळू विचारलं.

"ईशू...?"

गाडीत ओल्या लोकरीचा वास पसरू लागला. वीणाच्या मानेवर मागून गार श्वास लागत होता, संथ, दमून आलेल्या माणसाचा. मग पुरुषोत्तमनं गाडी सुरू केली. ब्रिस्टल अजून फार लांब होतं.