एरंडेल जसंच्या तसं

"माझे मालक भूत नाय झाले. एवढं दाखवून द्या, बाई."

घोटीहून पहिल्या एसटीने आलेली सुवर्णा खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होती. खासगी तपास करणाऱ्या मनीषा गायधनींनी तिला मधे तोडलं नाही. त्यांचे सहकारी प्रफुल्ल, देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले हवालदार, वहीत टिपून घेत होते आणि नेहमीप्रमाणे दोन वाक्यं मागे होते.

सुवर्णाचा नवरा कुंदन सातपूरच्या एका कारखान्यात रिॲक्टर चालवायचा. तिथे एरंडेलापासून वंगण बनवतात. सर्वपित्री अमावास्येला कामावरच त्याचं हृदय बंद पडलं. पुढे वंगण बनेनासं झालं. एरंडेल आत जायचं, तसंच बाहेर यायचं. कुंदनच काम होऊ देत नाही, अशी आवई उठली. सासरचे त्र्यंबकला नारायण नागबली करायला निघाले आणि शाळेत सुवर्णाची मुलगी भुताची पोर ठरली.

मनीषाबाई आणि प्रफुल्ल कारखान्यात गेले. तिथले व्यवस्थापक धनराज चांगले शिकलेले, पण रिॲक्टरच्या जिन्याची पायरी चढायला तयार नव्हते. कामगार रोज सकाळी तिथे कुंदनच्या नावाने चहा ठेवत. उष्णता, दाब, सगळं बरोबर होतं, असं धनराज म्हणाले. भुताचा विषय प्रथम गोदामवाल्या नवनाथने काढला होता.

"बिघाड नक्की कधीपासून?" मनीषाबाईंनी विचारलं.

कुंदन गेल्यापासून, असं सांगून धनराजनी नोंदी उघडल्या आणि तारखा पुन्हा तपासल्या. नवरात्रात दोनदा वंगण उत्तम निघालं होतं. दसऱ्यानंतर कॅटॅलिस्टचा, म्हणजे क्रिया घडवून आणणाऱ्या दाण्यांचा, नवा ड्रम फोडला, तिथून घोटाळा.

"भुताला दहा दिवस रजा होती म्हणायची," प्रफुल्ल म्हणाले.

प्रयोगशाळेत ज्योत्स्नाने कॅटॅलिस्टचे पांढरे दाणे दाखवले. दाण्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि रासायनिक क्रिया त्या छिद्रांत होते. ड्रम फोडला की त्याची चाचणी ती थोडं स्पिरिट वापरून घेई. याही ड्रमची झाली होती, पहिल्या फटक्यात पास. दाण्यांना पाणी तेवढं लागू द्यायचं नाही, असं ती म्हणाली.

गोदामाची किल्ली एकट्या नवनाथच्या कमरेला असे. खंडेनवमीला त्याने पूजेसाठी वापरातला एकूणएक ड्रम पाइप लावून धुतला होता. हळदीकुंकवाची बोटं अजून दिसत होती. कोपऱ्यात मात्र धूळ खात पडलेले ड्रम होते. स्पिरिट विभाग दोन वर्षांपूर्वी बंद झाला, त्याच्या कॅटॅलिस्टचे. सगळे भरलेले, नवनाथ म्हणाला.

प्रफुल्ल त्यातल्या एकावर टेकले, तर ड्रम कलंडला आणि हवालदारसाहेब जमिनीवर. पत्र्याचा पोकळ आवाज गोदामभर घुमला.

"कुंदनच आहे तो," नवनाथ पुटपुटला. घाईघाईने त्याने ड्रम उभा केला.

दुसऱ्या दिवशी मनीषाबाईंनी सगळ्यांना रिॲक्टरपाशी बोलावलं. सुवर्णाही आली. ज्योत्स्नाने दोन बाटल्या आणल्या होत्या. उन्हाळ्यात जुन्या ड्रममधून राखून ठेवलेल्या दाण्यांवर एरंडेलाचं वंगण झालं होतं. नव्या ड्रममधल्या दाण्यांवर एरंडेल जसंच्या तसं राहिलं होतं.

"दाणे दिसायला सारखे, पण छिद्रं वेगळी," मनीषाबाई म्हणाल्या. "स्पिरिटचा रेणू लहान, एरंडेलाचा थोराड. बोळातून सायकल जाते, ट्रॅक्टर अडतो. या ड्रममध्ये बारीक छिद्रांचे दाणे आहेत, म्हणून स्पिरिटची चाचणी पास झाली आणि एरंडेल दारातच अडलं. असे दाणे इथे फक्त बंद विभागाचे, आणि त्यांचा एक ड्रम रिकामा आहे. गोदाम एकच माणूस उघडतो. अमावास्या आणि बिघाड यांच्या मधे आली खंडेनवमी, पाइप लावून धुण्याची. नवनाथभाऊ, झाकण सैल होतं ना?"

नवनाथने सगळं कबूल केलं. ड्रममध्ये पाणी शिरलं होतं. वीस वर्षांची नोकरी जाईल या भीतीने त्याने ओले दाणे फेकले, कोपऱ्यातले भरले आणि बोट दाखवायला मेलेला माणूस होताच.

"मला तेव्हाच सांगायचं ना," ज्योत्स्ना म्हणाली. "भट्टीत सुकवून दिले असते. फुकट नाही जात ते."

नवनाथने कमरेची किल्ली काढून धनराजपुढे ठेवली. "दरसाल धुताना कुंदन पाठीशी उभा राहायचा. नवनाथ, झाकण बघ, म्हणायचा. या साली कोणी म्हणालं नाही."

मग धनराजनी सुवर्णापुढे हात जोडले. कामगारांना आजच खरं सांगतो, घोटीला येऊन तुमच्या घरीही सांगतो, म्हणाले.

सुवर्णा जिना चढून वर गेली. कुंदन उभा राहायचा तिथे थांबली, लोखंडाला हात लावला. मनीषाबाई मागोमाग गेल्या. आता त्याला कोणी भूत म्हणणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"लय उपकार झाले, बाई." तिने लोखंडावरून पुन्हा हात फिरवला. "समद्यांशी भांडले मी. पण मनात यायचं, खरंच इथं असतील तर एकदा जाऊन बघावं. आता इथं बी नायत."