बाहेरून टाळं

शटरला बाहेरून टाळं होतं आणि आत कुणीतरी खोकत होतं. अदिती जागीच थबकली. मॅनेजमेंटच्या मुलांना घेऊन ती दापोड्याची गोदामं दाखवायला आली होती. 'जबाबदार व्यवसाय' हा तिचा विषय. मुलं त्या तासाला हमखास डुलक्या काढायची.

"आत माणसं आहेत?" तिने विचारलं.

"हायेत की." गोदाममालक केसरीनाथशेठचा मुलगा कुणाल बोटावर किल्ली फिरवत हसला. "माल चोरीला जातो, मॅडम. जेवणाच्या सुट्टीत उघडतो ना. इथं सगळेच असं करतात."

हसणंच असं, की राग धरणं जड जावं! तरी तिने धरला. एवढं पटत असेल तर माझ्या वर्गात येऊन सांगा, म्हणाली. आणि तो—खरंच आला. मुलांनी त्याला पार सोलून काढलं. हा पठ्ठ्या घाम पुसत अदितीकडेच बघत राहिला. मग चहा झाला, मिस्ड कॉल झाले, कॉलेजच्या फाटकाशी मोटारसायकल उगाचच बंद पडू लागली... टाळं कधी काढणार, असं ती दर भेटीत विचारी. बाबांना समजावतो, असं तो दर भेटीत म्हणे. तेवढ्यावर तिचं समाधान होई. प्रेमात पडलेल्या बाईला समाधानाला कितीसं लागतं?

एका दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आला. शब्द सापडेनात बिचाऱ्याला.

"तुझ्या घरी... म्हणजे, मागणी घालायला... येऊ का?"

होकार अगदी तिच्या ओठांवर होता. तेवढ्यात खिडकीतून दापोड्याच्या बाजूला काळा धूर दिसला. कुणालचा हात खिशाकडे गेला. किल्ली त्याच्याजवळच होती.

लोकांनी पेटलेल्या गोदामाचा पत्रा फोडून माणसं बाहेर काढली. हमाल नवशा तेवढा आतच राहिला.

नवशाचं दहावं व्हायच्या आत केसरीनाथशेठनी सगळं जुळवलं. किल्ली वॉचमन चांगदेवकडे होती, असं सगळ्यांनी सांगायचं. हे सांगायला कुणाल तिच्याकडे आला, तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. बाबा लग्नालाही तयार झालेत, असंही तो म्हणाला. अदिती नुसती गप्प बसली असती, तरी तो तिचा होता. आणि तिला तो हवा होता हो, फार हवा होता.

"टाळं तू लावलंस," ती म्हणाली. "मी ते बघून तुझ्याबरोबर चहा पीत राहिले. यात चांगदेवने काय केलं?"

"आत टाकतील मला."

"हो."

त्याने विचारलं, "थांबशील माझ्यासाठी?"

ती म्हणाली, "ते आज सांगितलं तर तू माझ्यासाठी जाशील, कुणाल. नवशासाठी जा."

पोलीस स्टेशनपर्यंत ती त्याच्या बरोबरीने चालत गेली. पायऱ्यांशी त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो आत गेला. त्याची पाठ दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे ती पुटपुटली, "थांबेन."