चहाआधीचा होकार

"चूक नियंत्रकाची आहे. मग ती चालकाने का निस्तरायची?" इरफान मणेरने पुन्हा विचारलं.

"कारण नियंत्रक कवटीत बसवलाय," केतकी खांबेटे म्हणाली. "तो बदलायचा तर शस्त्रक्रिया. चालक नुसती प्रणाली आहे, घरबसल्या बदलता येते."

कोल्हापूरबाहेरच्या त्या प्रयोगशाळेत हा वाद कित्येक महिने चालला होता, आणि खरं सांगायचं तर आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. वादाचा विषय होता 'स्मृतिसाथ'. विस्मरण जडलेल्या माणसाच्या डोक्यात नखाएवढी तबकडी बसवायची, घडेल ते तिच्यावर लिहीत जायचं. लिहिण्याचं काम नियंत्रकाचं. मेंदू आणि नियंत्रक यांच्यातला दुभाषा म्हणजे चालक. बॅटरी तेवढी बाहेर, कानामागे.

"नियंत्रक खोटं बोलतो, हे तरी मान्य?"

"मान्य. आठवण तात्पुरत्या कप्प्यात पडलेली असते आणि हा 'लिहिली' म्हणून मोकळा होतो."

"आणि आपला चालक भोळसटासारखा विश्वास ठेवतो. तेवढ्यात बॅटरी निघाली की कप्पा रिकामा. शेवटची काही मिनिटं गेलीच."

इरफानच्या लेखी ती काही मिनिटं होती. केतकीच्या लेखी ते तिचे अप्पा होते. झोपताना हृदयाची गोळी घ्यायची आणि बॅटरी चार्जिंगला लावायची, हा त्यांचा शिरस्ता. सकाळी गोळी घेतल्याचं आठवत नसे, म्हणून ते प्रामाणिकपणे पुन्हा घेत. गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात बेशुद्ध सापडले. पुन्हा असं झालं तर हृदय सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई हल्ली गोळ्यांची बाटली उशाखाली ठेवून झोपे, पण आईचंही वय झालेलं.

केतकीची दुरुस्ती साधी होती. चालकाने नियंत्रकाच्या शब्दावर जाऊ नये. आठवण तबकडीवर उमटल्याची खात्री करावी, मगच मेंदूला पुढे सरकू द्यावं. तोटा एवढाच, की बोलण्याआधी माणूस किंचित थांबे. आवंढा गिळण्याइतकाच, पण दर वेळी. चाचणीत स्वतःचं नाव सांगतानाही लोक थांबले होते.

पण शिक्का नाडगौडा सरांचा. चाचणीची यंत्रं सोडली, तर त्यांच्या शिक्क्याशिवाय एकही यंत्र नवा चालक स्वीकारत नसे. मूळ चालक त्यांनीच लिहिला होता, केतकीला हाताला धरून शिकवलंही त्यांनीच. पुढे त्यांनाच विस्मरणाने गाठलं आणि स्मृतिसाथ बसवावी लागली. हल्ली ते फार तोलून बोलत. प्रश्न ऐकायचा, थांबायचं, मग शब्द ठेवायचा. केतकीला त्याचं कौतुक होतं. नाहीतर अप्पा, विचारायच्या आत ताडकन उत्तर.

इथला एक नियमही सरांचाच होता. आधी होकार द्यायचा, मग चहा प्यायचा, आणि ताज्या डोक्याने शिक्का मारायचा. पूर्वी एकदा घाईच्या शिक्क्याने सगळ्यांचे हात पोळले होते. चहाच्या सुट्टीतच सर बॅटरी बदलत.

त्या दिवशीही सरांनी दोघांचं ऐकून घेतलं. थोडं थांबून म्हणाले, "केतकी, तुझं बरोबर आहे. आज शिक्का मारू."

मग चहा झाला. सर ताजी बॅटरी लावून आले आणि केतकीने दुरुस्ती पुढे सरकवली.

"हे काय?" थोड्या वेळाने सर म्हणाले. "कसला शिक्का?"

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आधीच्या खेपांना केतकीने मुकाट्याने कागद आवरले होते. आजारी माणसावर कसलं रागवायचं? या वेळी इरफानलाच राहवलं नाही.

"सर, मी हिच्या विरोधात आहे. पण तुम्ही हो म्हणालात, मी साक्षीला आहे."

सर थांबले. "म्हणालोही असेन. पण जे मला आठवत नाही, त्यावर शिक्का कसा मारू?"

"झालं," इरफान केतकीकडे वळला. "दोषच आपली दुरुस्ती अडवतोय."

केतकीने मान हलवली. बॅटरी बदलली की तीन साधे प्रश्न विचारून यंत्र तपासायचं, ही इथली पद्धत. सरांना ते विचारायला एरवी कोणी धजत नसे, पण आज सवयीनेच तिने पहिला विचारला. "सर, तुमचं नाव?"

सर आवंढा गिळण्याइतके थांबले. "दिगंबर नाडगौडा."

केतकीचा हात टेबलावरच राहिला. "पुन्हा सांगा."

पुन्हा तेवढंच थांबणं. "दिगंबर नाडगौडा. का गं?"

"अप्पा नाव सांगताना थांबत नाहीत," ती सावकाश म्हणाली. "जुना चालक कोणालाच थांबवत नाही. थांबवते ती फक्त माझी दुरुस्ती. चाचणीबाहेर ती मी एकट्या तुम्हाला दिली होती, तपासायला."

इरफान उठून उभा राहिला.

"म्हणजे तुम्ही काहीच विसरला नव्हता," केतकी म्हणाली. "एकदाही नाही. मी तुमची कीव करत होते, सर. घरी अप्पांना सांगत होते, सरांचंही तुमच्यासारखंच होतं म्हणून."

या वेळी सर जास्तच थांबले, आणि ते यंत्रामुळे नव्हतं.

"घरच्यांना थांबून बोलणारा माणूस नको असतो," ते म्हणाले. "बाप अडखळला की यंत्र परत येतं. परतीची रांग लागली असती, प्रकल्प बुडाला असता. तुला तोंडावर नाही म्हणवेना."

"आणि स्वतःपुरता मात्र शिक्का मारून ती बसवलीत."

"मला विसरायची भीती वाटते, पोरी."

"अप्पांनाही वाटते. तुम्ही केसाने गळा कापलात माझा."

सरांचा हात कानामागे गेला. नुकतीच लावलेली बॅटरी ते चाचपू लागले. इरफान पुढे झाला, पण केतकीने त्याला हातानेच थांबवलं.

"काढू दे. काही फरक पडणार नाही," ती म्हणाली. "सर, हे सगळं तुम्हाला शेवटपर्यंत आठवणार आहे. ती दुरुस्ती मी नीट लिहिली आहे."