ओट्यावरचं ताट

स्वानंदी मिरजेच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासायची. काचेखाली दिसेल तेवढंच खरं मानायची. डोंगरात भटकायला गेलेला धाकटा भाऊ अवधूत परतेना, फोनवर नुसतं ‘मी बरा हाय’ म्हणू लागला, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे तिनं ताडलं. विश्रामबागेतल्या घरी आईनं त्याच्या काळजीनं अन्न सोडलं होतं. त्याला घेतल्याशिवाय यायचं नाही, असं ठरवूनच तिनं गाडी काढली.

पाटणच्या वर, पवनचक्क्यांचं पठार ओलांडलं की माळवणे, त्यानं फोनवर सांगितलेलं गाव. पर्यटक इकडं चुकूनही फिरकत नाहीत. कौलारू घरं, नाचणीची वावरं आणि घरटी एक फौजी. गाव मात्र नको इतकं गोड बोलत होतं. तिनं काही विचारायच्या आतच एकानं बोट दाखवलं. "भाऊसोच्या घरी व्हय? सरळ जावा."

हा भाऊसो कोण, तिला ठाऊक नव्हतं. त्या घराच्या अंगणात अवधूत लाकडं फोडत होता. घरी याला नारळ फोडता येत नसे. पाहुण्याकडं बघावं तसं त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पाणी आणायला आत गेला.

घरच्या म्हाताऱ्या विजयमालाबाईंनी सांगितलं ते असं. त्यांचा भाऊसो सरहद्दीवर बर्फात हरवला, देह काही आला नाही. देह न आलेल्या जवानाचं ताट या गावात रोज ओट्यावर वाढतात. त्याला कुणी शिवत नाही, नंतर ते गाईला घालतात. अवधूत भुकेला आला आणि पाहुणचार समजून जेवला.

"आमी सांगस्तोवर त्यानं ताट संपिवलं, पोरी. आता त्यो कसा जाईल?"

स्वानंदीचा संताप झाला. पोराला यांनी भुलवलंय, दुसरं काय. पाणी घेऊन आलेल्या अवधूतचा तिनं हात धरला.

बोटांची टोकं काळी पडली होती. बर्फानं मेलेली कातडी तिला कळत होती. अंगणात वैशाखाचं ऊन होतं.

"अवधूत, आई जेवत नाहीये."

"आये तर आत्ताच जेवली," तो म्हणाला. "तुमी बसा की."

ती घाबरून गाडीकडं पळाली. त्याला अंगणात तसाच सोडून.

घाट उतरताना रेंज आली आणि आईचा फोन वाजला.

"अगं, अवधूत मघाशीच आलाय," आई म्हणाली. आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता. "त्याच्याबरोबर मीही पोटभर जेवले."

स्वानंदीनं गाडी कडेला घेतली.

"रापलाय जरा, केसही फौजीसारखे बारीक कापलेत. दारात उभा राहून विचारत होता, हेच घर का म्हणून."